पहिली की दहावी? जर्मनीच्या दोन पँझर डिव्हिजनांचा तुलनात्मक आढावा

आजच्या जर्मन भूदलात ‘पँझर डिव्हिजन’ (पँझर म्हणजे चिलखती; डिव्हिजन म्हणजे अनेक ब्रिगेडींचे मोठे दल) हे नाव लावणाऱ्या दोनच डिव्हिजन उरल्या आहेत. पहिलीचे मुख्यालय वायव्येकडील ओल्डेनबुर्ग येथे आहे, तर दहावीचे वुर्त्सबुर्गजवळच्या फाइट्सहोखहाइम येथे. आधुनिक जर्मन चिलखती डिव्हिजनची जडणघडण समजून घ्यायची आहे, मात्र वेळ एकाच डिव्हिजनच्या सखोल अभ्यासापुरता आहे, अशा अभ्यासकाने यांपैकी कोणती निवडावी, एवढाच या आढाव्याचा प्रश्न आहे. दोन्हींच्या नावात ‘पँझर’ असले, तरी या दोघींकडून शिकायला मिळणाऱ्या गोष्टी एकसारख्या नाहीत.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. दुसऱ्या महायुद्धात वेरमाख्टमध्येही (हिटलरच्या काळातील जर्मन सैन्यातही) पहिली आणि दहावी पँझर डिव्हिजन होती. त्यांपैकी दहावी मे 1943 मध्ये ट्युनिशियात संपुष्टात आली. आजच्या डिव्हिजनांचे क्रमांक तेच असले, तरी बुंडेसवेर (आजचे जर्मन सैन्य) त्या जुन्या दलांचा वारसा सांगत नाही आणि अभ्यासकानेही दोन्ही कथा एकत्र गुंफू नयेत. आजचे जर्मन सैन्य कोणता वारसा मानते, हे त्याच्या छावण्यांच्या नावांवरून अधिक स्पष्ट होते. पहिलीचे मुख्यालय हेनिंग फॉन ट्रेस्को यांच्या नावाच्या छावणीत आहे, आणि दहावीचे मुख्यालय अनेक दशके ज्या झिगमारिंगेनमध्ये होते, तेथील छावणीला श्टाउफेनबेर्ग यांचे नाव होते. हे दोघेही हिटलरविरुद्धच्या 20 जुलै 1944 च्या कटातील प्रमुख अधिकारी होते. त्यातही श्टाउफेनबेर्ग ट्युनिशियात जबर जखमी झाले, तेव्हा ते त्या जुन्या दहाव्या पँझर डिव्हिजनमध्येच काम करत होते. क्रमांक सारखा असूनही आदर कोणाचा करायचा, हे या सैन्याने किती विचारपूर्वक ठरवले, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

सलग इतिहास हवा असेल, तर पहिलीचे पारडे जड आहे. बुंडेसवेरच्या स्थापनेला वर्षही झाले नव्हते, तेव्हा 1956 मध्ये हानोफर येथे ती ग्रेनेडियर (पायदळ) डिव्हिजन म्हणून उभी राहिली आणि 1981 च्या पुनर्रचनेत पँझर डिव्हिजन झाली. शीतयुद्धाच्या काळात म्युन्स्टर येथील पहिल्या कोअरच्या (डिव्हिजनांच्या वरच्या दलाच्या) हाताखाली उत्तर जर्मनीच्या सपाट मैदानाचे संरक्षण करणे हे तिचे काम होते. हिल्डेसहाइम, ब्राउनश्वाइग आणि नीनबुर्ग येथील तिच्या तीन ब्रिगेडी नकाशावर पाहिल्या, की पूर्वेकडून येणाऱ्या रणगाड्यांची वाट कोणती मानली जात होती, हे वेगळे सांगावे लागत नाही. दहावी 1959 ची; ती दक्षिणेत, उल्म येथील दुसऱ्या कोअरच्या हाताखाली होती आणि तिच्या ब्रिगेडी डोर्नश्टाट, झिगमारिंगेन व एलवांगेन येथे होत्या.

1990 नंतर एकीकृत जर्मनीच्या सैन्यसंख्येवर 3,70,000 ची मर्यादा आली आणि शीतयुद्धातील बारा डिव्हिजन एकामागून एक कमी होत गेल्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील पुनर्रचनेत दोघींच्या वाटा निराळ्या झाल्या: पहिलीकडे तीव्र युद्धासाठीचे हस्तक्षेप दल सोपवण्यात आले, तर दहावीकडे परदेशातील दीर्घ शांतता मोहिमांसाठीचे स्थिरीकरण दल. त्यामुळे बाल्कन आणि अफगाणिस्तानच्या काळातील जर्मन भूदल समजून घ्यायचे असेल, तर दहावीकडेच जावे लागते.

पहिलीचा सर्वांत मोलाचा भाग मात्र नेदरलँड्सशी असलेला तिचा संबंध हाच आहे, असे माझे मत आहे. 2011 मध्ये नेदरलँड्सने काटकसरीसाठी आपले सर्व रणगाडे सेवेतून काढण्याचा निर्णय घेतला. रणगाडे गेले की चालक, तोफची आणि तंत्रज्ञ यांच्या पिढ्यांनी जपलेले कौशल्यही जाते आणि ते पैसे टाकून परत विकत घेता येत नाही. यावर निघालेला तोडगा असाधारण होता. हाफेल्टे येथील डचांची 43 वी मेकॅनाइज्ड ब्रिगेड 2016 मध्ये जर्मन पहिल्या पँझर डिव्हिजनमध्ये समाविष्ट झाली. लोहाइडे येथील जर्मन 414 वी रणगाडा बटालियन त्या डच ब्रिगेडच्या हाताखाली देण्यात आली. आणि त्या बटालियनमध्ये सुमारे शंभर डच सैनिकांची एक कंपनी भाड्याने घेतलेल्या 18 लेपर्ड रणगाड्यांसह दाखल झाली. म्हणजे डच कंपनी जर्मन बटालियनमध्ये, ती बटालियन डच ब्रिगेडमध्ये आणि ती ब्रिगेड जर्मन डिव्हिजनमध्ये! संसदा दोन आणि सैन्याच्या भाषाही दोन असताना ही रचना टिकली, आणि पुढे नेदरलँड्सने स्वतःची रणगाडा बटालियन पुन्हा उभारण्याचे ठरवले तेव्हा कौशल्याचा धागा तुटलेला नव्हता. 2023 मध्ये डचांची 13 वी लाइट ब्रिगेड दहावीशी जोडली गेली खरी, परंतु या प्रयोगाचा गाभा पहिलीतच आहे.

दहावीची बाजू वर्तमानाची आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर जर्मनीने नाटोला पूर्ण सज्ज डिव्हिजन देण्याची मुदत 2027 वरून 2025 वर आणली आणि ती जबाबदारी दहावीवर पडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिच्या 37 व्या पँझरग्रेनेडियर (चिलखती वाहनांतून लढणारे पायदळ) ब्रिगेडच्या सरावात 18 पैकी 18 प्यूमा ही पायदळाची चिलखती लढाऊ वाहने बंद पडली. बहुतेक बिघाड किरकोळ होते आणि ते काही आठवड्यांत दुरुस्तही झाले; तरीही नाटोच्या शीघ्र दलासाठी तूर्त जुनी मार्डर वाहने पाठवावी लागली. सुटे भाग, दुरुस्ती पथके आणि सरावाचे तास यांवाचून कागदावरची डिव्हिजन पोकळच राहते, हे या प्रसंगाने उघड केले. म्हणून तो झाकू नये, उलट अभ्यासाच्या केंद्रस्थानी ठेवावा. 2024 मध्ये याच डिव्हिजनने क्वाड्रिगा सरावमालिकेत लिथुएनियापर्यंत मजल मारली.

संघटनेचा पाया दोन्हींत सारखाच आहे. चार रणगाड्यांची एक प्लॅटून, अशा तीन प्लॅटून आणि नेतृत्वाचे दोन रणगाडे मिळून 14 रणगाड्यांची कंपनी होते. अशा तीन कंपन्या आणि बटालियन मुख्यालयाचे दोन मिळून 44. रणगाडा व पँझरग्रेनेडियर बटालियनांबरोबर टेहळणी, इंजिनीअर आणि रसद यांच्या बटालियना आल्या की ब्रिगेड उभी राहते. खरा फरक ब्रिगेडींच्या वर दिसतो. मोहिमांच्या काळात ब्रिगेड हेच लढाईचे एकक मानले गेल्याने डिव्हिजनकडे स्वतःचे तोफखाने व इंजिनीअर फारसे उरले नव्हते. आता ही डिव्हिजन दले पुन्हा उभी केली जात आहेत, आणि ती पुनर्बांधणी दहावीत आधी पाहायला मिळते. ब्रिगेडींचे वाटप मात्र कोणत्याही तक्त्यातून तारीख न पाहता उचलू नये. मुन्स्टरची 9 वी आणि नॉयब्रांडेनबुर्गची 41 वी पहिलीत, कामची 12 वी आणि फ्रांकेनबेर्गची 37 वी दहावीत, हा सांगाडा भरवशाचा आहे. मात्र अलीकडच्या फेररचनेत इतर ब्रिगेडी आणि बटालियना जागा बदलत आहेत. आउगुस्टडोर्फची 203 वी रणगाडा बटालियन आणि ओबरफीश्टाखची 122 वी पँझरग्रेनेडियर बटालियन लिथुएनियातील नव्या 45 व्या ब्रिगेडसाठी निवडली गेली आहे.

मराठी लेखनात एक घोटाळा होण्याचा विशेष संभव आहे. जर्मन-डच कोअरचे मुख्यालय म्युन्स्टर येथे आहे, तर रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि जर्मन रणगाडा संग्रहालय लुनेबुर्गच्या माळरानावरील मुन्स्टर या लहान गावात आहे. ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. अहिल्यानगरचे चिलखती दल केंद्र आणि तेथील रणगाडा संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मुन्स्टरचे महत्त्व चटकन उमगेल.

ज्याला डिव्हिजन कशी घडत गेली हे लिहायचे आहे, त्याने पहिली घ्यावी: सत्तर वर्षांचा सलग धागा, शीतयुद्धाचा स्पष्ट नकाशा आणि दोन देशांचे एकत्र सैन्य हे सर्व तिथे आहे. ज्याला आज डिव्हिजन सज्ज करताना नेमके काय अडते हे समजून घ्यायचे आहे, त्याने दहावी घ्यावी आणि सुरुवात 2022 पासून करून मागे जावे. विषय अजून ठरला नसेल, तर मी पहिलीच सुचवीन, कारण तिची रचना समजलेल्या वाचकाला दहावीतील बदल पुढे सहज वाचता येतात. दहावीपासून आरंभ करणाऱ्याला मात्र 414 व्या बटालियनपाशी पुन्हा उत्तरेकडे यावेच लागते.