सहा दिवसांचं कुपोषण प्रशिक्षण: पैसे वसूल झाले ते रात्री दोन वाजता

साडेतीन तारे देते आहे. दीड तारा कुठे गेला ते पुढे येईलच.

मी आहारतज्ज्ञ. एमएस्सी झाल्यावर पाच वर्षं पुण्यात एका खासगी रुग्णालयाच्या ओपीडीत बसले. समोरचा माणूस कमी कसं खावं हे विचारायला यायचा आणि मी त्याला दोन पोळ्यांऐवजी दीड पोळी असं काहीतरी लिहून द्यायचे. मागच्या वर्षी जव्हार-मोखाड्याकडच्या एका पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे एनआरसीत, कंत्राटी जागा मिळाली. रुजू व्हायला महिना होता. तीव्र कुपोषित मूल मी तोवर फक्त पुस्तकातल्या फोटोत पाहिलं होतं. म्हणून स्वतःच्या खिशातून हे प्रशिक्षण घेतलं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि शिकवणाऱ्यांशी माझं अजून रोजचं बोलणं आहे.

नाशिक, सहा दिवस निवासी, राहणं-जेवण धरून 6,500 रुपये. आम्ही बावीस जण. बहुतेक माझ्यासारख्या आहारतज्ज्ञ, चारपाच नर्सेस, आणि नंदुरबारकडून आलेल्या दोन मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या. या दोघींनी पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवसापासून मात्र सगळा वर्ग त्यांच्याच भोवती बसायला लागला.

पहिला दिवस पूर्ण स्लाइडचा. त्यातला एक तास सोडला तर बाकीचा मला आठवतही नाही. तो तास सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एका बालरोगतज्ज्ञांचा होता. सरांनी 1992 साली जव्हारच्या वावर-वांगणीत झालेल्या बालमृत्यूंपासून सुरुवात केली. मग कुपोषण कमी करायला राज्याने 2005 मध्ये सुरू केलेलं राजमाता जिजाऊ मिशन, मग 2012 चं सर्वेक्षण: दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, 39 टक्क्यांवरून 23 टक्क्यांच्या आसपास आला. आम्ही सगळ्या खूश. तेवढ्यात त्यांनी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा फळ्यावर लिहिला: महाराष्ट्र, खुजेपणा 35.2 टक्के. "म्हणजे पुन्हा वाढला?" असं कोणीतरी विचारलं. सर म्हणाले, "आधी वय बघा. हा आकडा पाच वर्षांखालच्यांचा आहे. दोन वेगळ्या वयांचे आकडे शेजारी ठेवून भाषण ठोकता येतं, उपचार करता येत नाहीत." तीव्र कृश, म्हणजे उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलेल्या, मुलांचा आकडा मात्र त्यांनी एकाच वयोगटाचा, एकाच सर्वेक्षणाचा दिला: आधीच्या फेरीत 9.4, या फेरीत 10.9. त्याखाली खडूने दोन रेघा ओढल्या आणि चहाला गेले.

दुसरा दिवस मोजमापाचा. मला वाटलं होतं, वजन-उंची घ्यायला काय शिकायचं? झेडपीच्या शाळेच्या बालवाडीतली पोरं आणली होती. एकाच मुलाला तिघींनी मोजायचं, एकमेकींचा आकडा बघायचा नाही. माझा आणि शेजारणीचा फरक पावणेदोन सेंटीमीटर आला. मुलाचे गुडघे मी दाबलेच नव्हते, आणि डोकं पाटीला टेकलंय की नाही हे पाहणारी मुलगी त्याच्याशी गप्पा मारत होती. दोन वर्षांखालचं मूल आडवं मोजायचं, त्यावरचं उभं. मोठ्या मुलाला आडवंच मोजावं लागलं तर 0.7 सेंटीमीटर वजा करायचे. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं, हाताने कधी केलं नव्हतं. सीमेवरचं मूल एवढ्याशा फरकाने सॅमचं (अतितीव्र कुपोषित) मॅम (मध्यम कुपोषित) होतं आणि केंद्राच्या दारातून घरी परत जातं.

दंडघेराच्या पट्टीचंही तेच. 11.5 सेंटीमीटरच्या खाली लाल, म्हणजे सॅम; 12.5 पर्यंत पिवळी, म्हणजे मॅम. पट्टी जरा आवळली की पिवळं मूल लाल, सैल सोडली की लाल मूल पिवळं. नंदुरबारच्या मुख्यसेविकांपैकी एकीने तिथे पहिल्यांदा तोंड उघडलं: "महिन्याच्या शेवटी सैल होते ती." वर्ग हसला. ती हसली नाही.

आता तारा का कापला ते सांगते. तिसऱ्या दिवशी 'मातांसाठी पोषक पाककृती' नावाचं सत्र होतं. शिकवणाऱ्या बाई शहरातल्या, बोलायला गोड, आणि स्लाइड सगळ्या इंग्रजीत. पदार्थ होते नागलीच्या कुकीज ओव्हनमध्ये, पालक-पनीर पराठा आणि ब्रोकोलीचं सूप. नागलीत शंभर ग्रॅममागे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं हे त्यांनी बरोबर सांगितलं, पण ज्यांच्या उतारावर नागली पिकते त्यांच्या घरी ओव्हन कुठून येणार? पालघरच्या डोंगरात नागली आहे, वरई आहे, उडीद आहे, खुरासणी आहे. पावसाळ्यात चिंबोऱ्या मिळतात, बाजारात सुकट मिळते. यातलं काय कुटून, किती तेल घालून, वर्षाच्या पोराला दिवसातून किती वेळा द्यायचं, हा खरा प्रश्न. तो मी विचारला तर उत्तर आलं, "ते तुम्ही स्थानिक पातळीवर बघा." मग तुम्ही कशाला आलात, हे मी विचारलं नाही. आता वाटतं विचारायला हवं होतं.

अर्धा तारा जेवणासाठी. कुपोषणावर शिकवणाऱ्या ठिकाणी सहा दिवस सकाळ-संध्याकाळ बटाट्याची भाजी. डाळ इतकी पातळ की ताटाची नक्षी दिसावी.

पण मग रात्रपाळी. यासाठी मी अजून साडेतीन हजार जास्त दिले असते.

चौथी आणि पाचवी रात्र आम्हाला तिघीतिघींच्या गटाने एका सरकारी रुग्णालयाच्या सॅम वॉर्डात बसवलं. ताबा एका सिस्टरांचा. त्यांना स्लाइड माहीत नव्हती, सगळं तोंडपाठ होतं. माझ्याकडे चौदा महिन्यांचा, सहा किलोचा एक मुलगा दिला. "काढ हिशेब," म्हणाल्या. सुरुवातीचं दूध, एफ-75, किलोला दिवसाला 130 मिली. सहाला 780. दर दोन तासांनी म्हणजे बारा वेळा. एका वेळी 65 मिली. कॅल्क्युलेटरवर झालं दहा सेकंदांत. पुढचा दीड तास ते 65 मिली वाटी-चमच्याने त्याच्या पोटात जाण्यात गेला. बाटली चालत नाही. मूल झोपाळलेलं, आईच्या मांडीवर सरळ धरायचं, चमचा ओठाच्या कडेला लावायचा, गिळेपर्यंत थांबायचं. किती प्यायलं, किती सांडलं, किती ओकलं ते लिहायचं. सलग दोनतीन वेळा 80 टक्क्यांपेक्षा कमी प्यायलं तर नळी. हे संपवून पाठ टेकली की पुढची वेळ झालेली असते.

"रात्रीचं दूध चुकलं तर काय होतं?" मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "पहाटे मूल गार लागतं." साखर उतरते, अंग थंड पडतं, आणि हे बहुतेक वेळा पहाटेच्या सुमारास, जेव्हा आई, मावशी आणि नर्स तिघींचा डोळा लागलेला असतो. पुस्तकात हायपोग्लायसेमिया आणि हायपोथर्मिया हे दोन वेगळे मुद्दे आहेत. वॉर्डात ती एकच गोष्ट आहे आणि तिचं नाव रात्री दोनचं दूध. त्या रात्री आईचं पोलकं सैल करून मुलगा तिच्या उघड्या छातीशी ठेवला, वरून घोंगडी, डोक्याला टोपी. वॉर्डातला हीटर बंद होता. सिस्टरांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलं.

माझ्या डोक्यातली सगळ्यात मोठी गाठ इथे सुटली. पुण्यात मी रोज 'प्रोटीन वाढवा' सांगायचे. इथे हाडांचा सापळा झालेलं मूल, आणि त्याला द्यायच्या दुधात शंभर मिलीमागे प्रथिनं फक्त 0.9 ग्रॅम! हात शिवशिवतो, जरा घट्ट द्यावं, अंडं द्यावं. सिस्टरांनी थोडक्यात सांगितलं: महिनोन् महिने उपाशी शरीर सगळा कारखाना मंद करून बसलेलं असतं. यकृत, मूत्रपिंड, हृदय. त्यावर एकदम माल ओतला तर ते बसतं. आधी स्थिर करायचं, भूक परत येऊ द्यायची, मगच पुढचं, घट्ट दूध एफ-100, ज्यात प्रथिनं 2.9 ग्रॅम. लोहाचंही तसंच. मूल पांढरंफटक दिसतं तरी पहिल्या टप्प्यात लोह नाही. ते द्यायचं भूक लागून वजन वाढायला लागल्यावर. माझ्या जुन्या ओपीडीतली कोणीही मैत्रीण हे वाचून म्हणेल, काहीतरी चुकलंय. चुकलेलं नाही.

दूध बनवायला मावशींनी शिकवलं. तयार पाकीट नसेल तेव्हा गाईचं दूध 300 मिली, साखर 100 ग्रॅम, तेल 20 मिली, खनिज मिश्रण, आणि पाणी घालून एक लिटर. तेल वर तरंगतं. नीट घुसळलं नाही तर पहिल्या मुलाला सगळं तेल आणि शेवटच्याला गोड पाणी. अतिसार असेल तर साखर कमी करून मुरमुऱ्याची पूड घालायची. मावशी चौथी शिकलेल्या. प्रमाणपत्रावर त्यांची सही हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

पाचव्या दिवशी सकाळी, झोप न झालेल्या अवस्थेत, मुख्यसेविकांचा तास झाला. तो वेळापत्रकात नव्हता, आम्हीच मागून घेतला. आई केंद्रात दाखल व्हायला नाही का म्हणते? आमच्या फलकावर उत्तर होतं 'अज्ञान'. त्यांनी विचारलं, चौदा दिवस ती इथे राहिली तर घरच्या दोन पोरांना कोण घालील? बुडीत मजुरी मिळते, पण ती हातात कधी पडते? पावसाळ्यात शेतात लावणी असते. दिवाळीनंतर त्यांच्याकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. माझ्या तालुक्यातली भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर. मग दर पंधरा दिवसांच्या फेरतपासणीला मूल आणणार कोण आणि कुठून? 'अनुपस्थित' असा शेरा मारून आपण रजिस्टर बंद करतो. त्या दोघींपैकी धडगावकडची म्हणाली, "मी दाखल करताना आधी सासूशी बोलते. आई आपोआप येते." हे एक वाक्य मी रुजू झाल्यापासून रोज वापरते. आमच्याकडे सासूबरोबर मोठ्या जावेशीही बोलावं लागतं.

यावर प्रशिक्षणात एकही अधिकृत सत्र नसावं, ही माझी मुख्य तक्रार आहे आणि ती मी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहिली आहे. आहारतज्ज्ञ घडवायचा म्हणजे त्याला तक्ते येतात की नाही एवढंच तपासायचं, असा आपल्याकडे जुना समज आहे. माझ्या एमएस्सीच्या दोन वर्षांत मी एकाही अंगणवाडीत पाय ठेवला नव्हता. या सहा दिवसांत निदान वॉर्ड दाखवला. गावही दाखवायला हवं होतं.

आता प्रशिक्षणानंतरचं. व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. असे ग्रुप महिनाभरात सुप्रभातवर येतात, म्हणून मी अपेक्षा ठेवली नव्हती. रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे दोन्ही पायांवर सूज असलेली एक मुलगी आली. दूध व्यवस्थित पीत होती, तरी वजन चार दिवसांत 7.1 वरून 6.6 किलो. आई म्हणायला लागली, "बाय, पोर तर उतरतेच. घरी नेते." डॉक्टर बाहेरगावी. रात्री अकराला मी घाबरून ग्रुपवर आकडे टाकले. वीस मिनिटांत सिस्टरांचा आवाजी संदेश: "पाय दाबून बघ. खड्डा पडतो का अजून?" दाबून बघितले. खड्डा जवळजवळ नव्हताच. उतरलं होतं ते अंगातलं पाणी. सूज गेल्यावरचं वजन हेच तिचं खरं वजन, वाढ तिथून मोजायची. हे मला शिकवलेलं होतं, तिसऱ्या दिवशीच, कुकीजच्या आधी. आईला मी तिच्याच बोटाने पोरीचा पाय दाबायला लावला. ती राहिली.

जाणाऱ्यांसाठी: वसतिगृहात गरम पाणी सकाळी साडेसहापर्यंतच. रात्रपाळीला स्वेटर आणि जाड मोजे न्या, वॉर्ड खरंच गार असतो. साधा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, मोबाइल बाहेर ठेवायला लावतात. तिसऱ्या दिवशी दुपारी पाककृतीच्या सत्राला शेवटच्या रांगेत बसा आणि झोपून घ्या, पुढच्या दोन रात्री झोप मिळणार नाही. आणि लोणचं घरून न्या.