निधी गावाच्या हाती की कंत्राटदाराच्या?

युद्धानं खिळखिळ्या झालेल्या देशात विकासकामासाठी निघालेले लोक हमखास विचारतात: गावाला थेट निधी देणाऱ्या कार्यक्रमात जावं, की कंत्राटदाराकडून बांधकामं करून घेणाऱ्या? अफगाणिस्तानात मी दोन्हीकडे काम केलंय.

कंत्राटी काम झपाट्यानं होतं, हे मान्यच. परदेशी सैन्याच्या प्रांतिक पुनर्बांधणी पथकांत कमांडरच्या अधिकारातला पैसा चटकन सुटायचा. उलट 2003 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय एकजूट कार्यक्रमात आधी गुप्त मतदानानं गावाची विकास परिषद निवडायची, मग गावानं काम ठरवायचं, मग प्रस्ताव, मग हप्ता. कुटुंबामागे साधारण 200 डॉलर, गावाला कमाल 60,000. बायकांच्या बैठका बहुतेक ठिकाणी वेगळ्या. हप्ता रखडला की बोलणी आम्ही खायची.

तरी माझा कौल फिरवला तो एकाच गोष्टीनं. कंत्राटी कामासाठी किती पैसे आले, हे गावात कुणालाच ठाऊक नसायचं. काबूलच्या कंत्राटदारानं काम दुसऱ्याला दिलेलं, त्यानं तिसऱ्याला, आणि वाटेत प्रत्येकानं आपला वाटा काढलेला. एका शाळेची भिंत पहिल्याच हिवाळ्यात तडकली. गावातले वडीलधारे विचारायला आले, पण दाद कुणाकडे मागायची हे मलाही सांगता येईना. फलकावर देणगीदाराचं नाव ठळक, रक्कम कुठेच नाही. याचा मला फार त्रास व्हायचा.

परिषदेच्या गावात हिशेब मशिदीपाशी लागायचा: गोण्या किती, भाव काय. सिमेंटचा भाव चढा वाटला म्हणून एका म्हाताऱ्यानं भर बैठकीत खजिनदाराकडे पावती मागितली आणि ती मिळेपर्यंत विषय पुढे सरकू दिला नाही. त्याच गावात पुढे हातपंपाचा वॉशर गेला, तर आमची वाट न बघता वर्गणी काढून त्यांनी बाजारातून नवा आणला.

सगळीकडे असंच होईल असं नाही. दांडगा जमीनदार असला की परिषद त्याच्याच ओसरीवर भरते. 500 गावांच्या मोठ्या अभ्यासातही पिण्याचं पाणी आणि वीज यांत सुधारणा दिसली, सिंचन आणि रस्त्यांत फारशी नाही. भारतानं बांधलेलं सल्मा धरण किंवा झरंज-देलाराम महामार्ग ही गावपरिषदेच्या आवाक्यातली कामंही नव्हेत.

पण पंप, पाट, शाळा असलं काम असेल, तर मी गावाच्या बाजूनं जाईन. दक्षिण सुदान किंवा सोमालियातल्या नोकरीच्या मुलाखतीला बसाल, तेव्हा एवढं जरूर विचारा: कामाचा हिशेब गावात कुठे लावता?