व्ही-स्ट्रॉम ६५० एक्सटी: वर्षभर वापरल्यानंतर

माझी आधीची अ‍ॅडव्हेंचर गाडी मोठी होती, ताकदवान होती, आणि चालवायला तिच्याइतकी मजा मला दुसऱ्या कुठल्याच गाडीने दिलेली नाही. तरीही ती विकली, कारण तिचं काहीही बिनसलं तरी मला स्वतःला हात लावता येत नव्हता. मागच्या चाकाच्या एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सरवर चिखल बसला की डॅशबोर्डवर दिवा लागायचा. त्याच्यासोबत ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागच्या जागी घसरू न देणारं) जायचं, क्रूझ कंट्रोल जायचं, आणि सेन्सर पुसून लख्ख केला तरी दिवा जायचा नाही. तो घालवायला कंपनीचं सॉफ्टवेअर जोडावं लागायचं. पुढे इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनमधून तेल झिरपायला लागलं, तेव्हा सील बदलून भागणार नाही, अख्खं युनिट बदला, असं सांगण्यात आलं. त्या दिवशी ठरवलं की पुढची गाडी मला समजणारी हवी.

शेवटी घेतली ती सुझुकीची व्ही-स्ट्रॉम ६५०, तारांच्या चाकांची ‘एक्सटी’ आवृत्ती. ती शोधताना मी टेस्ट राइड आणि व्हिडिओ मागे ठेवले. आधी ज्या ज्या गाड्या मनात होत्या त्यांची मॅन्युअलं मिळवली आणि देखभालीचे तक्ते वाचले. कुठलं काम किती किलोमीटरला येतं आणि त्या कामापर्यंत पोचायला काय काय खोलावं लागतं, एवढंच बघायचं होतं. गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला मी हे आग्रहाने सांगेन. तासाभराच्या टेस्ट राइडमध्ये कळत नाही ते या तक्त्यात अर्ध्या तासात कळतं.

‘टिकाऊ’ आणि ‘दुरुस्तीला सोपी’ हे दोन्ही गुण आपण एका दमात बोलतो, पण इंजिनच्या आत ते बरेचदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. टॅपेटचंच बघा, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हजवळ ठेवायच्या बारीक फटीचं. सुझुकी डीआर६५० किंवा रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ यांच्यात टॅपेटला स्क्रू आणि लॉकनट असतो. इंजिन थंड असताना फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचं, नट सैल करायचा, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा. कुणालाही शिकता येतं. पण ही तपासणी वरचेवर करावी लागते. उलट शिम आणि बकेटच्या रचनेत ही फट शिम नावाची छोटी चकती ठरवते, आणि ती बदलायला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) उचलावा लागतो, घरच्या हत्यारांनी करायला मन धजावत नाही असं ते काम आहे. पण तिथे क्लिअरन्स, म्हणजे ती फट, फार हळू सरकतो. यामाहा टेनेरे ७०० ला तर ही तपासणी ४० हजार किलोमीटरच्याही पुढे आहे. मग दोघांत सोपी कोण? माझं उत्तर असं की जे काम वारंवार येतं ते सोपं असलं पाहिजे, आणि जे अवघड आहे ते क्वचित आलं पाहिजे. याच मापाने मी सगळ्या गाड्या मोजल्या.

हिमालयन ४११ या मापात फार वर बसते. हवेने आणि तेलाने थंड होणारं इंजिन, त्यामुळे रेडिएटर नाही, कूलंट नाही, पाण्याचा पंप नाही. मधला स्टँड कंपनीकडूनच येतो. आडरानात एकट्याने सावकाश फिरणाऱ्याला मी आजही तीच सुचवेन. पण तिची ताकद २४-२५ हॉर्सपॉवर, आणि मला मागे माणूस आणि दोन पेट्या घेऊन दिवसभर हायवे कापायचा असतो. होंडाची सीबी५००एक्स जवळपास पक्की केली होती. तिचे दोन्ही सिलिंडर शेजारी शेजारी उभे असल्यामुळे स्पार्क प्लग एका जागी सापडतात, आणि २०१९ पासून पुढचं चाक १९ इंचांचं झालं. तिथेही सामानासह लांब चढावर मला अजून थोडी ओढ हवी होती. टेनेरे ७०० मनापासून आवडली, पण सीटची उंची ८७५ मिलिमीटर, आणि चाकांत ट्यूब. कच्च्या रस्त्यावर टाचा टेकत नसताना मागे माणूस घेऊन थांबणं माझ्या उंचीला जमणारं नव्हतं.

उरली सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५०. दिसायला ती कुणाचं लक्ष वेधून घेत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ती पहिल्या नजरेत आवडली नव्हती. मन वळवलं ते इंजिनने. ६४५ सीसीचं हे ९० अंशांचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडर ‘व्ही’ आकारात असलेलं इंजिन) १९९९ मध्ये एसव्ही६५० मधून आलं, २००४ मध्ये पहिल्या व्ही-स्ट्रॉम ६५० मध्ये बसलं, आणि २०१२ व २०१७ च्या मोठ्या बदलांतही मूळ ढाचा तोच राहिला. इतकी वर्षं इतक्या लोकांनी चालवलेल्या इंजिनाची दुखणी सगळ्यांना ठाऊक झालेली असतात. पार्ट मिळतात, आणि ते उघडलेला मेकॅनिकही मिळतो. दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. ९० अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये दोन्ही पिस्टनांचे धक्के क्रँकवरच्या वजनाने मुळातच सावरले जातात, त्यामुळे या इंजिनात कंपन मारायला वेगळा बॅलन्सर शाफ्ट नाही. एक शाफ्ट, त्याचे गिअर आणि बेअरिंग इतकं सामान कमी. कंपन कमी म्हणून पेट्यांच्या स्टँडचे बोल्टही सैल होत नाहीत. मी दर लांब प्रवासानंतर सगळे बोल्ट पान्याने चाचपते, अजून एकही ढिला सापडलेला नाही.

क्लच केबलचा आहे, थ्रॉटलसुद्धा केबलचा. २०१७ नंतरच्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आहे, त्याच्या दोन पातळ्या आहेत आणि ते पूर्ण बंदही करता येतं. रायडिंग मोड नाहीत. सस्पेन्शन हाताने जुळवायचं.

आता रोजच्या वापराचं. तेल तपासायला इंजिनच्या उजव्या अंगाला खालच्या बाजूला गोल काच आहे, तिच्याशेजारी एफ आणि एल अशा दोन खुणा. गाडी सरळ उभी असेल तरच ही पातळी खरी दिसते. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि तेल काचेपासून दूर जातं, मग काच रिकामी बघून माणूस उगाच तेल ओततो. तेल जास्त होणंही इंजिनला वाईटच. मधला स्टँड गाडीसोबत येत नाही, वेगळा बसवावा लागतो. गाडी घेतल्यावर पहिला खर्च त्याच्यावरच करा, असं मी म्हणेन. तेल बघणं, चेन धुणं, मागचं चाक काढणं, हे सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. तेल मी सहा हजार किलोमीटरला बदलते. ड्रेन बोल्ट खाली आणि फिल्टर पुढच्या बाजूला, दोन्हीपर्यंत हात पोचतो, आणि पूर्ण काम चहा थंड व्हायच्या आत नाही तरी तासाभरात उरकतं.

फिल्टरची ही जागा हातासाठी सोयीची, पण पुढच्या चाकाने उडवलेल्या दगडांच्या सरळ वाटेवर. एक्सटीसोबत खाली जे कव्हर येतं ते प्लॅस्टिकचं आहे. चिखल अडवायला ठीक, दगड अडवायला नाही. मी इंजिनखाली जाड अ‍ॅल्युमिनियमची बॅश प्लेट (दगडांपासून वाचवणारा पत्रा) लावली. निवडताना ड्रेन बोल्टसमोर भोक असलेली बघून घेतली, नाहीतर दर वेळी तेल बदलायला प्लेट उतरवत बसावं लागतं. रेडिएटरलाही जाळी लावून घेतली आहे.

एअर फिल्टर हे या गाडीतलं मधल्या अवघडपणाचं काम. सीट काढा, बाजूची प्लॅस्टिकं मोकळी करा, टाकी उचला, मग खाली त्याचा डबा दिसतो. धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्याला हे मॅन्युअलमधल्या अंतरापेक्षा खूप आधी करावं लागतं. प्लॅस्टिकच्या खिळ्यांसारख्या क्लिपा असतात, त्यांचं मधलं बटण आत दाबलं की क्लिप सुटते. ओढाताण केली की मोडते. चार-पाच जादा क्लिपा टूलकिटमध्ये ठेवाव्यात. पहिल्यांदा या कामाला माझी अर्धी दुपार गेली, आता निम्म्याहून कमी वेळ लागतो. तरी हा डबा सीटखाली असता तर मी या गाडीला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

चेनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण शाफ्टची (चेनऐवजी बंद दांड्याने मागचं चाक फिरवणारी) गाडी सोडून चेनवर येताना मला सगळ्यांनी हटकलं होतं. चेनला काम आहे हे खरं. पण ते काम डोळ्यांना दिसतं, त्याची खबर आधी मिळते, आणि चेन-स्प्रॉकेटचा संच कुणीही बदलू शकतो. शाफ्टचं बेअरिंग गेलं की गाडी टेम्पोत. चेन जुळवताना मागचं चाक हळूहळू फिरवून चार ठिकाणी ढिलाई मोजते. वापरलेली चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, म्हणून जिथे सर्वांत घट्ट असेल तिथे माप धरायचं. एक्सल सरळ आहे का हे बघायला स्विंगआर्मवरच्या खुणांवर थांबत नाही, दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजून खात्री करते.

एक्सटीची चाकं तारांची असूनही ट्यूबलेस आहेत, आणि ही गाडी घेण्याचं माझ्यासाठी ते मोठं कारण होतं. मागच्या टायरमध्ये बोटभर लांब खिळा घुसला तेव्हा त्याची किंमत कळली. चाक न काढता खिळा पकडीने ओढला, रास्पने (कानशीसारख्या हत्याराने) भोक खरवडून घेतलं, सोल्यूशन लावलेली दोरी सुईतून आत ढकलली आणि सुई झटक्यात मागे घेतली. बाहेर राहिलेलं टोक कापलं, डॅशबोर्डजवळच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला पंप जोडला, थुंकी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघितलं. सामानही उतरवावं लागलं नाही. ट्यूबच्या गाडीवर हेच काम म्हणजे एक्सल, टायर लिव्हर आणि घामटा.

क्लच केबलसाठी एक जुनी युक्ती केली आहे. जुन्या केबलच्या शेजारूनच, त्याच वाटेने, नवी केबल आधीच ओढून दोन्ही टोकं टेपने बंद करून ठेवली आहेत. तुटली तर जागेवर फक्त टोकं बदलायची. अजून वेळ आलेली नाही, पण वेळ आली तर टाकी उचलावी लागणार नाही.

अवघड कामंही आहेत, ती लपवत नाही. दर सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एकूण चार, आणि पुढच्या सिलिंडरच्या प्लगांपर्यंत जायला रेडिएटर सरकवावा लागतो. टॅपेट शिमचे, तपासणी २४ हजार किलोमीटरला. ते काम मी मेकॅनिककडूनच करून घेणार. पण वर्षाकाठी बारा-पंधरा हजार चालवणाऱ्याला ते दीड-दोन वर्षांतून एकदा येतं, आणि माझ्या मापात ते बसतं.

चालवायला गाडी समंजस आहे. ७१ हॉर्सपॉवर ऐकायला मोठा आकडा नाही, पण टॉर्क मधल्या आरपीएमपासून सलग मिळतो आणि ओव्हरटेक करताना दर वेळी गिअर पाडावा लागत नाही. २० लिटरची टाकी आणि माझ्या हाताला लिटरमागे २२ ते २४ किलोमीटर, म्हणजे चारशे किलोमीटर निर्धास्त. मागे माणूस बसला की शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा सुरुवातीचा ताण) बाजूच्या नॉबने हातानेच वाढवता येतो. ही सोय मी दर आठवड्याला वापरते. विंडस्क्रीनची उंची बदलायला मात्र बोल्ट काढावे लागतात, आणि मधल्या जागेवर माझ्या हेल्मेटला वाऱ्याचा गोंगाट होतो.

ऑफ-रोडच्या मर्यादा स्पष्ट सांगते. जमिनीपासून उंची १७० मिलिमीटर, सस्पेन्शनचा प्रवास १५०-१६० मिलिमीटरच्या आसपास, वजन २१६ किलो. खडीचा रस्ता, उथळ ओढा, चिखलाची चाकोरी इथे ती शांतपणे जाते. मोठे दगड, खोल वाळू, उड्या हे तिचं काम नाही. एबीएस बंद करता येत नाही, आणि सैल खडीच्या उतारावर ते थांबण्याचं अंतर वाढवतं. तिथे मी आधीपासूनच पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या ओढीवर उतरते. काहीजण फ्यूज काढतात. मला ते पटत नाही, कारण डांबरावर परत आल्यावर तो पुन्हा लावायचा राहतो. ज्याचा अर्धा वेळ वाटेबाहेर जातो त्याने २१ इंची पुढच्या चाकाची गाडी बघावी.

आता सुझुकीने मोठ्या भावंडात, व्ही-स्ट्रॉम ८०० मध्ये, पॅरलल ट्विन (दोन्ही सिलिंडर शेजारी शेजारी असलेलं) इंजिन आणलं आहे, त्यामुळे ६५० चा विचार करणारे बरेचजण वापरलेली गाडी बघत असतील. बघायला जाल तेव्हा आधी गुडघ्यावर बसून इंजिनची पुढची खालची बाजू आणि ऑइल फिल्टर टॉर्चने बघा, दगडांचे घाव तिथेच दिसतात. रेडिएटरच्या पट्ट्या वाकल्यात का, कूलंटचे सुकलेले डाग आहेत का ते बघा. पुढचं चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्ये अडकल्यासारखं वाटलं तर हेड बेअरिंग (हँडल ज्यावर फिरतं ते) बदलायचा खर्च धरा. तारांवर पान्याने हलकेच टकटक करा, सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा, बद्द आवाज देणारी तार ढिली असते. आणि २४ हजारांच्या पुढे चाललेली असेल तर टॅपेट तपासल्याची नोंद मागा. नोंद नसेल तर ती तपासणी झालेली नाही असं धरूनच सौदा करा.