पुढच्या शॉकअपची सीलं घरी बदलली: दहा महिने, साडेनऊ हजार किलोमीटर आणि एक अख्खा पावसाळा

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मी मोटरसायकलच्या पुढच्या दोन्ही शॉकअपची ऑइल सीलं, म्हणजे आतलं तेल बाहेर गळू न देणाऱ्या रबरी कड्या, घराच्या पडवीत बसून बदलली. तेव्हा मीटर ४१,००० च्या आसपास होता, आज ५०,५०० आहे. काम झाल्याझाल्या लिहिलं असतं तर 'सोपं आहे, करून टाका' एवढंच लिहिलं असतं आणि ते अर्धवट ठरलं असतं. कारण डावीकडचं नवं सील तीन महिन्यांत पुन्हा गळायला लागलं. उजवं अजून शाबूत आहे. दोन्ही सीलं एकाच पाकिटातली, बसवणारे हात तेच आणि ऑइलही तेच. हा फरक कशाने पडला, ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

गाडी १५० सीसीची, साध्या टेलिस्कोपिक फोर्कची, म्हणजे पुढचे दोन शॉकअप ज्यात वरचा चकचकीत पाइप खालच्या नळीत सरकतो, ३१ मिलिमीटर जाडीच्या पाइपांची. रोज कऱ्हाडात वीसेक किलोमीटर, आणि महिन्यातून एकदोनदा कुंभार्ली घाटातून चिपळूण, आईकडे. पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग घाट. ज्यांनी हा रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये केलाय त्यांना पुढच्या शॉकअपवर काय बेततं ते सांगायला नको. खड्ड्यातलं पाणी चाकावरून उडून पाइपावर बसतं, वाळतं, आणि पुढच्या खड्ड्याला तोच वाळलेला चिखल पाइपाबरोबर सीलच्या ओठात, म्हणजे पाइपाला टेकणाऱ्या रबरी कडेत, जातो.

सुरुवातीची लक्षणं ओळखीचीच होती. पाइपावर तेलाचं काळं कडं, त्यावर धूळ चिकटलेली, ब्रेक मारला की गाडी पुढे नाक खुपसायची. शेवटी तेलाचा ओघळ खाली कॅलिपरपर्यंत, म्हणजे डिस्कब्रेकचे पॅड ज्यात बसतात तिथपर्यंत, आला तेव्हा मी गाडी उभीच केली. त्यात टाळाटाळ करू नका. ब्रेकपॅडला तेल लागलं तर पॅड धुऊन भागत नाही, बदलावेच लागतात, आणि घाटात पुढचा ब्रेक गुळगुळीत झालेला कुणालाच परवडणार नाही.

गॅरेजमध्ये मजुरी ६०० रुपये सांगितली, सामान वेगळं. पैशांचं फारसं नव्हतं. पण तिथे शॉकअपमध्ये मोजमाप न करता इंजिनऑइल ओततात हे मी आधी स्वतः पाहिलं होतं, म्हणून घरीच करायचं ठरवलं. मूळ कंपनीची दोन ऑइल सीलं, त्यांच्यावर बसणारी, धूळ अडवणारी दोन डस्ट सीलं, तळाच्या बोल्टचे दोन तांब्याचे वॉशर आणि १० डब्ल्यू जाडीचं, शॉकअपसाठीचं फोर्क ऑइल मिळून साडेआठशेच्या आत बसलं. सील विकत घेताना गाडीचं मॉडेल सांगून थांबू नका, त्यावरचे तीन आकडे वाचा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. माझ्या सीलवर पहिले दोन ३१ आणि ४३ होते. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत उंची बदलते, आणि कमी उंचीचं सील बसलेलं दिसतं पण सील जागेवर धरणारी तारेची कडी, म्हणजे लॉक, खोबणीत बसल्यावरही ते वरखाली हलत राहतं.

गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा, मागच्या सीटवर वाळूची अर्धी गोणी. चाक काढलं, कॅलिपर तारेने वर टांगला, नळीवर लोंबकळू दिला नाही. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सरकवली, कारण डिस्क नसताना चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात.

इथून पुढे क्रम महत्त्वाचा आहे आणि माझा तो चुकला. शॉकअप गाडीवर असतानाच वरच्या 'टी'चा, म्हणजे हँडलखाली दोन्ही पाइप धरणाऱ्या पट्टीचा, पकडबोल्ट ढिला करून डोक्यावरचं झाकण अर्ध्या आट्याने सैल करायचं, हे मला माहीत होतं. पण तळाचा ॲलन बोल्टही स्प्रिंग आत असतानाच, कुणालातरी शॉकअप दाबून धरायला लावून, ढिला करायचा असतो. स्प्रिंगच्या दाबाने आतली डँपिंगची, म्हणजे शॉकअपचे हेलकावे रोखणारी, नळी धरली जाते. मी उत्साहात आधी स्प्रिंग काढली, मग बोल्टाला ॲलन की लावली, आणि बोल्टाबरोबर आतली नळीही गोल गोल फिरू लागली. डाव्या शॉकअपवर माझे अडीच तास गेले. शेवटी केरसुणीचा लाकडी दांडा टोकाला निमुळता तासला, वरून आत घालून नळीच्या तोंडात ठोकून बसवला, धाकट्या भावाने तो दोन्ही हातांनी दाबून धरला तेव्हा बोल्ट सुटला. उजव्याला योग्य क्रमाने केलं, दहा मिनिटं लागली.

तेल किती निघालं ते मोजा. हे कुणी करत नाही, पण शॉकअपची प्रकृती त्यावरूनच कळते. मॅन्युअलप्रमाणे माझ्या गाडीच्या एका शॉकअपला १६५ मिली लागतं. उजव्यातून १४० मिली निघालं, करडं, माशासारखा वास असलेलं. डाव्यातून ९५. म्हणजे मी कितीतरी महिने जवळपास अर्ध्या रिकाम्या शॉकअपवर घाट उतरत होतो.

जुनं सील टायर काढायच्या पट्टीने उचकटलं. बॉटम, म्हणजे शॉकअपची खालची नळी, ॲल्युमिनियमचा असतो, त्याची कड मऊ, म्हणून पट्टीखाली चामड्याचा तुकडा ठेवला. आधी बॉटमवर किटलीभर कढत पाणी ओतलं, त्याने निम्मं काम हलकं झालं. नवं सील बसवताना पाइपाच्या टोकावर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून वरून तेल लावलं, कारण पाइपाच्या टोकाची खोबण सीलचा ओठ एका झटक्यात कापते. अक्षरांची बाजू वर, आतली बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे. ठोकायला विकतचं अवजार घेतलं नाही. सव्वा इंची पीव्हीसी नळाचा हातभर तुकडा या मापाला चपखल बसतो: आतून पाइप जातो आणि बाहेरून बॉटमच्या भोकात सरकतो. मध्ये जुनं सील उलटं ठेवलं आणि हलक्या हाताने ठोकत गेलो. सील तळाला टेकलं की आवाज बदलतो, भरीव येतो. लॉकची खोबण पूर्ण उघडी दिसली की थांबायचं.

तेल मात्र मोजपात्रानेच ओतावं. औषधाच्या दुकानात मोठी सिरिंज मिळते, तीही चालते. ओतल्यावर पाइप आठ-दहा वेळा सावकाश वरखाली करून हवा काढली आणि मग स्प्रिंग न घालता, पाइप पूर्ण खाली दाबून, वरच्या कडेपासून तेलाची पातळी पट्टीने दोन्हीकडे सारखी आहे ना ते पाहिलं. दोन्ही शॉकअपमधली पातळी सारखी असणं हे नेमक्या आकड्याइतकंच महत्त्वाचं.

त्यानंतरचे तीन महिने मी खूश होतो. खड्ड्यावरून गेल्यावर हँडल एकदाच खाली जाऊन वर यायचं आणि थांबायचं. ब्रेकवर गाडी ताठ राहायची. स्पीडब्रेकरला येणारा धातूवर धातूचा ठोका नाहीसा झाला.

जानेवारीत चिपळूणला जाताना घाट उतरून पोफळीला चहाला थांबलो आणि डाव्या पाइपावर तेलाचं ताजं कडं दिसलं. पुसलं. चिपळुणात दोन दिवस गाडी फिरवली, पाइप कोरडा. परतताना घाट चढलो तरी कोरडाच. कऱ्हाडात तीन आठवडे, कोरडा. पुढच्या खेपेला पुन्हा पोफळीला कडं. म्हणजे फक्त घाट उतरल्यावर.

पहिल्यांदा मी सीललाच दोष दिला. आत कचरा अडकला असेल म्हणून जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापली, टोकाला आकडीसारखी खाच केली आणि सीलच्या ओठाखालून पाइपाभोवती फिरवली. ही युक्ती खरी आहे, नवीन गळतीत आधी हीच करून बघावी, पुष्कळदा एवढ्यावर भागतं. माझ्या बाबतीत नाही भागलं.

आमच्या गल्लीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उतारावर ब्रेक मारतोस तेव्हा शॉकअप किती खाली बसतो? तिथवर पाइप बघितलास का कधी?"

"पुसून बघितलाय काका, चकचकीत आहे."

"डोळ्यानं नाही रे बाळा. नखानं बघ. आणि नख फसलं तर कापसानं बघ."

डस्ट सीलच्या वर चार बोटं, पाइपाच्या आतल्या अंगाला, म्हणजे चाकाकडच्या बाजूला, जिथे वाकून पाहिल्याशिवाय दिसतच नाही, तिथे कापसाचे तंतू अडकले. टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा. पाइपावरच्या क्रोमच्या मुलाम्याखाली गंज धरून तो फुगला होता आणि त्याची कड वर आली होती. शहरात शॉकअप तिथपर्यंत दबतच नाही. घाट उतरताना ब्रेकवर दबतो आणि सीलचा ओठ त्या कडेवरून शेकडो वेळा जातो. दसऱ्याला मी ज्याला 'सील खराब झालं' म्हणालो होतो ते सील खराब नव्हतं, ते या खड्ड्याने कापलं होतं. मी कापणारं तसंच ठेवून त्याच्यापुढे नवीन रबर दिलं होतं.

याबद्दल मला मनापासून हळहळ वाटते, कारण पाइप तेव्हा माझ्या हातात होता. सुटा, स्वच्छ, उजेडात. एक मिनिट लागलं असतं.

१५०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून वर आलेली कड काढून पाहिली. नख अडकायचं थांबलं, पण खड्ड्याभोवतीचं क्रोम पापुद्र्यासारखं सुटत होतं. बारीक खोल खड्डा एपॉक्सीने भरून घासून घेणारे लोक आहेत आणि क्रोम घट्ट असेल तर तो मार्ग वाईट नाही. माझं क्रोमच सुटत होतं म्हणून फेब्रुवारीत डावा पाइप नवीन घेतला, ११५० रुपये. त्याबरोबर नवं सीलही. नवा पाइप घेतानाही काचेवर आडवा ठेवून फिरवून पाहिला. सरळ पाइप काचेवर सारखा गडगडतो, वाकलेल्याखाली उजेडाची फट उघडते आणि मिटते.

तेव्हापासून आजपर्यंत सहा महिने आणि पावसाळ्यातल्या घाटाच्या सात खेपा झाल्या. डावा पाइप पुसल्यावर रुमालावर काही उमटत नाही.

पावसाळ्याआधी पाइपांवर रबरी घडीचे बूट चढवले, १२० रुपयांची जोडी. याबद्दल माझं मत पूर्ण चांगलं नाही. चिखल पाइपावर येत नाही हे खरं, पण जुलैत बूट वर सरकवून पाहिले तर आत पाणी साठलेलं, आणि साठलेलं पाणी म्हणजे पुन्हा गंज. मग खालच्या घडीत मागच्या बाजूला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडलं, दर पंधरा दिवसांनी बूट उचलून पाइप पुसतो. एवढं करणार असाल तर लावा. लावून विसरणार असाल तर पाइप उघडाच बरा, निदान दिसतो तरी. दर महिन्याला डस्ट सील पातळ पेचकसाने अलगद उचलून खालची माती काढतो, ओठाला किंचित सिलिकॉन ग्रीस लावतो. साधं पेट्रोलियम ग्रीस लावत नाही, त्याला धूळ फार चिकटते. सर्व्हिसिंगला गाडी दिली तर प्रेशरचा फवारा थेट सीलवर मारू नका म्हणून समोर उभं राहून सांगतो.

कुठलं ऑइल घातलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. १० डब्ल्यू मॅन्युअलमध्ये आहे म्हणून तेच घातलं. आमच्याकडे एकाने जाड २०-४० इंजिनऑइल घातलं आहे, त्याची गाडी मी चालवून पाहिली. सपाट रस्त्यावर घट्ट वाटते, पण लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकअप वर यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि तिसऱ्याला हात झणझणतात. घाटात लागोपाठचेच खड्डे असतात.

घरी करावं का? साधा, खाली बॉटम आणि वर पाइप असलेला फोर्क असेल, मेन स्टँड असेल आणि मदतीला एक माणूस असेल तर नक्की करा, एका सुट्टीत होतं. उलटे, सोनेरी फोर्क असतील तर घरी हात घालू नका. त्यांच्या स्प्रिंगला वेगळी अवजारं लागतात. पुढचं चाक परत बसवताना एक्सलचा पकडबोल्ट शेवटी आवळा, त्याआधी गाडी खाली उतरवून ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे दोन्ही शॉकअप आपापल्या जागी सरळ बसतात. हे राहिलं तर शॉकअप अडखळत चालतो आणि सील एका बाजूने झिजतं. पहिल्या फेरीआधी पुढचा ब्रेक लिव्हर कडक होईपर्यंत पंप करायलाही विसरू नका. निघालेलं तेल मी डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात टाकून आलो.

उजव्या शॉकअपची सध्याची स्थिती अशी: पाइपावर बोट फिरवलं तर अगदी पातळ ओलसरपणा लागतो, कडं मात्र धरत नाही. एवढा ओलसरपणा सीलला हवाच असतो, तो गळती नव्हे. तरीही या दसऱ्याला दोन्हीकडचं ऑइल बदलायचं आहे, तेव्हा उजवा पाइप काढून आतल्या अंगाने कापूस फिरवून पाहीन. सील आधीच आणून ठेवलंय.