साथ ओसरल्यानंतरचे निदान: ‘द टिपिंग पॉइंट’

एखादी फॅशन किंवा सवय बराच काळ मूठभर लोकांपुरती राहून एकाएकी सर्वत्र का दिसू लागते, याचे उत्तर रोगाच्या साथीच्या परिभाषेत देणारे माल्कम ग्लॅडवेल यांचे हे इंग्रजी पुस्तक २००० साली आले आणि स्वतःही साथीसारखेच पसरले. हश पपीज या बुटांचा खप वर्षाला सुमारे ३०,००० जोडांवर आला होता आणि कंपनी ते बंद करण्याच्या विचारात होती. तेवढ्यात मॅनहॅटनमधील काही तरुणांनी, दुसरे कोणी घालत नाही म्हणूनच, ते घालायला सुरुवात केली आणि १९९५ मध्ये खप ४,३०,००० जोडांवर गेला. ही हकिकत वाचल्यावर पुस्तक खाली ठेववत नाही.

अडचणही तिथेच आहे. बूट खपल्यानंतर मागे वळून कारण शोधलेले आहे. त्याच तरुणांनी घातलेल्या, पण पुढे कोणीही न उचललेल्या वस्तू किती होत्या, याचा हिशेब लेखक देत नाहीत. न्यूयॉर्कमधील खून १९९२ मधील २,१५४ वरून पाच वर्षांत ७७० वर आले, याचे बरेचसे श्रेय ते रेल्वेडब्यांवरील रंगरंगोटी पुसणे आणि विनातिकीट प्रवाशांना पकडणे अशा किरकोळ वाटणाऱ्या उपायांना देतात. वाचताना हे पटते खरे, परंतु असे उपाय न करणाऱ्या अमेरिकन शहरांतही त्या काळात गुन्हे घटले होते. या प्रकरणातील आपली मांडणी चुकल्याचे लेखकांनी २०२४ मध्ये जाहीरपणे मान्य केले, ही त्यांच्या जमेची बाजू.

माझ्या मते पुस्तकाचा कस लागतो तो तिसऱ्या प्रकरणात, म्हणजे संदेश मनाला चिकटतो कसा या विवेचनात. येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी धनुर्वाताची लस टोचून घ्यावी म्हणून मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथल यांनी त्यांना माहितीपुस्तिका वाटल्या. काहींतील वर्णने व छायाचित्रे भीतिदायक होती, काहींतील सौम्य. भीतीने मते बदलली, मात्र प्रत्यक्षात लस घ्यायला जेमतेम ३ टक्के विद्यार्थी गेले. पुढे पुस्तिकेत आरोग्य केंद्र कुठे आहे हे दाखवणारा नकाशा आणि लस टोचण्याच्या वेळा छापल्या, तेव्हा हे प्रमाण २८ टक्क्यांवर गेले. वास्तविक ते विद्यार्थी शेवटच्या वर्षाचे होते. केंद्र कुठे आहे हे त्यांना बहुधा ठाऊकच असणार. येथे बदल आधी केला आणि परिणाम नंतर मोजला, म्हणून हा पुरावा बुटांच्या हकिकतीपेक्षा कितीतरी भक्कम ठरतो. ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहताना लहान मुलांची नजर पडद्यावरून केव्हा ढळते, याच्या निरीक्षणांवरचा त्याच प्रकरणातील भागही असाच वाचण्याजोगा आहे.

इंग्रजी सोपे आहे, मात्र शेवटची प्रकरणे रेंगाळतात. लसीकरणाच्या किंवा मतदार-जागृतीच्या मोहिमेसाठी पत्रके लिहिणाऱ्यांनी हे तिसरे प्रकरण तरी अवश्य वाचावे; उद्या कोणती लाट येणार याचा अंदाज बांधण्यासाठी मात्र हे पुस्तक विकत घेऊ नये.