मदाराका एक्सप्रेस: गाडी उत्तम आहे, पण तिचा हिशेब तिकिटावर छापलेला नाही

केनियात नैरोबीहून मोम्बासाला जायचं असेल तर मदाराका एक्सप्रेस या रेल्वेनेच जा. विमान महाग पडतं, बस अंग मोडून टाकते, आणि मोम्बासा रोडवर ट्रकांच्या रांगेला ओव्हरटेक करणारे ड्रायव्हर पाहिले की जीव मुठीत धरून बसावं लागतं. मी नैरोबीत गाड्यांचे सुटे भाग आयात करणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. आई-बाबा साताऱ्याहून आले होते, त्यांना सकाळी ८ च्या गाडीने मोम्बासाला घेऊन गेले. दोघांना घेऊन जायचं म्हटल्यावर बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष गेलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी तिकिटांचं. ऑनलाइन काढा आणि पैसे एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून, भरा. पाहुण्यांचे पासपोर्ट नंबर हाताशी ठेवा, बुकिंगला लागतात. जानेवारी २०२४ पासून इकॉनॉमी १,५०० शिलिंग आणि फर्स्ट क्लास ४,५०० शिलिंग झालाय. त्याआधी हेच दर १,००० आणि ३,००० होते, म्हणजे एका फटक्यात दीडपट. इकॉनॉमीत एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन अशा समोरासमोर सीटा असतात आणि गुडघ्याला गुडघा लागतो. तरुण माणसाला तेवढं चालतं. बाबांच्या गुडघ्यांसाठी मी फर्स्ट क्लास काढला आणि तो पैसा वसूल झाला.

स्टेशन गावाबाहेर स्योकिमाऊला आहे, तिकडे मोम्बासालाही मिरितिनीत, शहरापासून लांबच. सगळ्यांच्या बॅगा जमिनीवर एका ओळीत मांडायच्या, आपण बाजूला उभं राहायचं, कुत्रा वास घेत फिरतो आणि मगच स्कॅनरकडे सोडतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर दीड तास आधी पोचा, म्हणजे धावपळ होत नाही.

आता गाडीबद्दल. डब्याच्या दारापाशी युनिफॉर्ममधल्या मुली ताठ उभ्या असतात, आणि मधल्या स्टेशनांवरूनही गाडी जाताना फलाटावरचे कर्मचारी अटेन्शनमध्ये उभे राहतात. बाबांना ते फार आवडलं, प्रत्येक स्टेशनला ते मान हलवून नमस्कार करत होते. ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेग जातो, तरी कपातला चहा हिंदकळत नाही. सुरुवातीला गाडी चालवणं, देखभाल, तिकिटं सगळं चिनी कंपनीच्या हातात होतं. २०२१ पासून केनिया रेल्वेने एकेक काम आपल्याकडे घ्यायला सुरुवात केली. केनियाची पोरं-पोरी ही गाडी चालवताना बघून मला मनापासून बरं वाटतं.

सकाळची गाडी मधल्या स्टेशनांवर थांबत जाते, सहा तास घेते. दुपारी ३ ची लवकर पोचवते, पण त्सावोच्या अभयारण्यात येईपर्यंत उजेड उतरलेला असतो. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सकाळचीच घ्यावी आणि जाताना उजवी खिडकी मागावी. आभाळ मोकळं असेल तर एमालीनंतर किलिमांजारो दिसतो. आम्हाला ढगांमुळे दिसला नाही, पण त्सावोने सगळं भरून काढलं. तिथली माती लाल आणि हत्ती ती अंगावर उडवून घेतात, त्यामुळे ते करडे दिसतच नाहीत, चक्क विटकरी दिसतात. आई दशमीचा घास हातात धरून बघत राहिली. रूळ भरावावर घेतलेत आणि जनावरांना ये-जा करायला खालून वाटा ठेवल्यात.

जवळून जुनी मीटर गेज लाइनही जाते. इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात ती बांधली, त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर आणले, बहुतेक पंजाबातले. जवळजवळ अडीच हजार इथेच गेले. त्सावो नदीच्या पुलावर १८९८ मध्ये सिंहांनी माणसं उचलली ती याच कामावरची. आईला हे सांगितलं तेव्हा तिने खिडकीतूनच हात जोडले.

नवी लाइन ३१ मे २०१७ ला सुरू झाली. चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशनने बांधली आणि खर्चाचा साधारण ९० टक्के भाग चीनच्या एक्झिम बँकेने कर्जाने दिला. कर्जाचे काही कागद सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये बाहेर काढले, ते मी वाचलेत. एक कर्ज १.६ अब्ज डॉलरचं, २ टक्क्यांनी, २० वर्षांचं. तेवढं ठीक आहे. जवळपास तेवढंच दुसरं मात्र व्यापारी दराचं, लायबोर (लंडनच्या बँकांचा आपसातला, बदलता व्याजदर) अधिक ३.६ टक्के, १५ वर्षांचं. दर तरंगता आणि कर्ज डॉलरात, त्यामुळे जगात व्याज चढलं आणि शिलिंग घसरला तेव्हा हप्ता दोन्हीकडून वाढला. २०२५ मध्ये कर्ज युआनमध्ये बदलून घेतलं ते व्याजाचा भार कमी करायला. कराराच्या अटी गुप्त ठेवायच्या आणि वाद झाला तर निवाडा बीजिंगमध्ये, हेही त्या कागदांत आहे. लोकांच्या पैशाच्या करारात असली अट मला मान्य नाही.

मोम्बासा बंदर गहाण पडलंय, असा मेसेज मराठी ग्रुपांवर अजून फिरतो. अभ्यासकांनी कागद तपासून ते खोडून काढलंय, कृपया पुढे पाठवू नका. खरा भार वेगळीकडे आहे. आमच्या प्रत्येक कन्साइनमेंटवर ड्यूटीबरोबर रेल्वे डेव्हलपमेंट लेव्ही, म्हणजे रेल्वेसाठीचा आयातीवरचा कर, लागते. ती २०१३ मध्ये दीड टक्क्याने सुरू झाली. बेअरिंगच्या खोक्यावर ती मी भरते, मग ती बेअरिंगच्या किमतीत जाते. शेवटी पश्चिमेकडच्या किसुमूचा मटाटूवाला (मिनीबसवाला) ती भरतो, आणि त्याच्या गावापर्यंत ही गाडी जातच नाही.

माल वाहतुकीचंही तसंच. काही वर्षं बंदरातले कंटेनर रेल्वेनेच न्यायची सक्ती होती, ती सप्टेंबर २०२२ मध्ये उठली. माझ्या एका सहकाऱ्याच्या आईची मोम्बासा रोडवरच्या मटिटो अंदेईला खानावळ आहे, ट्रकवाल्यांच्या जिवावर चालणारी. सक्तीच्या काळात तिने दोन पोरी कामावरून कमी केल्या. गाडीने जाताना मटिटो अंदेईचं स्टेशन मागे पडतं तेव्हा मला त्या दोघी आठवतात.

इतकं असूनही मी या गाडीला पाचपैकी चार देते. लोक पोटभर वापरतात, डिसेंबरात तिकीट मिळायची मारामार असते. एक गुण कापते तो गाडी अर्ध्यात सोडल्याबद्दल. दीड अब्ज डॉलरचं आणखी कर्ज काढून लाइन २०१९ मध्ये नैरोबीपासून पुढे, नैवाशाच्या अलीकडे सुस्वापर्यंत नेली. युगांडाच्या हद्दीवरचं मलाबा राहूनच गेलं, त्यामुळे तिकडे जाणारा माल जुन्या मीटर गेजवर नाहीतर ट्रकवर चढवावा लागतो. पुढचा टप्पा बांधायलाच हवा. फक्त या वेळी व्याजाचा दर, मुदत आणि निवाड्याची जागा सही व्हायच्या आधी पेपरात छापून यावी. लेव्ही भरणाऱ्यांचा तेवढा हक्क आहे.