रेडिएटरच्या पाइपाला क्लिप कोणती: स्क्रूची की स्प्रिंगची?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, जानेवारीत पहाटे १० च्या आसपास येतो. पाइपाचं रबर हे सगळं सोसतं.

स्क्रूची क्लिप कुठेही मिळते, पेचकसाने बसते. पण एकदा आवळली की घेर तोच. रबर दबलं की ढिली पडते आणि थंडीत सकाळी पाइपाच्या तोंडाशी कूलंटचा हिरवा ओघळ दिसतो. मग मेकॅनिक अजून आवळतो, पट्टीच्या खाचा रबरात रुततात. सिलिकॉन पाइपाला तर आतून सपाट पट्टीचीच घ्या.

स्प्रिंगची क्लिप पाइपाबरोबर फुगते-आकसते. बऱ्याच गाड्यांना कंपनीतून तीच येते, उगाच नाही. माप मात्र अचूक लागतं, आणि अडचणीत पक्कड घालताना बोटं सोलतात! तरी माझं मत स्प्रिंगलाच. स्क्रूची एखादी डिकीत असू द्या.